खलिफा सिटीतल्या खिडक्यांची मापं

ऑगस्टची अखेर, खलिफा सिटी

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी गहव्याचे अकरा पेले प्यालो. अकरा हा आकडा माझा नाही, मुकादमांचा. ते मागे उभे राहून मोजत होते आणि त्यांनी मला थांबवलं नाही, याबद्दल मी त्यांना अजून पुरतं माफ केलेलं नाही.

झालं असं की शाळा सुरू व्हायच्या आधी पालकांच्या स्वागताचा कार्यक्रम होता. दाराशी पांढऱ्या पायघोळ झग्यातला एक माणूस उभा होता. डाव्या हातात लांब चोचीची पितळी किटली, उजव्या हातात कान नसलेल्या पेल्यांची चळत. पेला एवढासा, आपण तान्ह्या बाळाला औषध पाजतो तेवढा. त्यात वेलचीच्या वासाची पिवळसर, कडू, बिनदुधाची कॉफी, दोन घोट. हाच गहवा. मी प्यालो, त्याने भरला. मी प्यालो, त्याने परत भरला. आता मी पडलो वसईचा. आमच्याकडे यजमान वाढत असताना ताटावर हात धरला की त्याच्या घरातलं सगळं बायकामंडळ आठवडाभर त्यावर बोलतं. तेव्हा मी हसत होतो, तो भरत होता. आठव्या-नवव्या पेल्याला त्या माणसाच्या तोंडावरही काळजी दिसायला लागली, पण रीत मोडणाऱ्यांतला तोही नसावा.

शेवटी मुकादम पुढे आले. इक्बाल मुकादम, मूळचे हर्णैचे, शाळेच्या बसगाड्यांचे सुपरवायझर, आखातात तेवीस वर्षं. त्यांनी माझ्या हातातला रिकामा पेला घेतला, मनगटातून दोनदा इकडेतिकडे हलवला आणि त्या माणसाला परत दिला. तो सुटल्यासारखा दुसऱ्या पाहुण्याकडे वळला.

“पेला हलवायचा असतो, सर,” मुकादम म्हणाले. “नाय हलवलात तर तो जन्मभर ओतेल. त्याचा काय दोष?”

त्यानंतर दोन दिवस मला झोप लागली नाही. पण दोन दिवसांत मी ही खूण पक्की शिकलो असंही नाही, आणि पुढचं सगळं त्यातूनच आलं.

मी कोण, हे सांगायला हवं. नाव पॅट्रिक, वय एकोणपन्नास. वसईच्या एका शाळेत बावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. बायको ब्रिजिट, मिशन हॉस्पिटलात स्टाफ नर्स. मुलगी शेरन पुण्याला हॉस्टेलवर असते, मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते आणि वडिलांच्या इंग्रजीला नाक मुरडते. घर वाटणीचं. आमच्या वाट्याला दोन खिडक्या आल्या. एक धाकट्या भावाच्या भिंतीकडे उघडते, दुसरी उघडत नाही. ब्रिजिटने चोवीस वर्षांत याबद्दल तक्रार केलेली मला आठवत नाही. फक्त स्वयंपाक करताना ती अधूनमधून त्या भिंतीकडे बघत उभी राहायची.

अबू धाबीच्या शाळेचं पत्र आलं त्यात एक ओळ होती. वर्षभर काम पाहिलं जाईल, आणि शिक्षक म्हणून कायम झालात तर शाळेकडून कुटुंबासाठी फ्लॅट मिळेल. ब्रिजिटने ती ओळ मला दोनदा वाचायला लावली. इंग्रजी तिला येत नाही असं नाही.

खलिफा सिटी म्हणजे विमानतळाजवळची बंगल्यांची वस्ती. भिंती उंच, झाडं नळीने थेंबथेंब पाणी पाजून वाढवलेली. रस्त्यावर माणूस चालताना दिसला तर तो एक तर माळी असतो किंवा माझ्यासारखा नवीन. आमच्या शाळेने एक बंगला भाड्याने घेऊन त्याच्या खोल्या एकट्या आलेल्या स्टाफला दिल्या होत्या. एका खोलीत मी आणि मुकादम. पण पहिल्या आठवड्यात व्हाइस प्रिन्सिपल मिसेस परेरांनी मला मुद्दाम एक रिकामा फॅमिली फ्लॅट दाखवला. चौथा मजला, दोन खोल्या, चार खिडक्या. चारही उघडत होत्या. मी त्या एकेक करून उघडून पाहिल्या, मग मुकादमांची टेप मागून आणली आणि मापं घेतली. संध्याकाळी ब्रिजिटला पाठवली. तिने उलट विचारलं, चौथी खिडकी बाकीच्यांपेक्षा अर्धा फूट मोठी कशी? मी परत जाऊन मोजली. मोठीच होती.

पाचवी ब

इथली मुलं शिक्षकाला “मिस्टर” म्हणतात. दिवसातून दोनशे वेळा. पाण्याची बाटली उघडायला मिस्टर, पेन्सिल पडली मिस्टर, ह्याने माझ्याकडे बघितलं मिस्टर. वसईची पोरं मला चळाचळा कापायची असं मी समजत होतो. ब्रिजिटच्या मते ती नुसती झोपलेली असायची. इथे कुणी कापत नव्हतं आणि झोपतही नव्हतं. सकाळी सातला गाडीतून उतरतानाच ती ताजीतवानी, आणि त्यांच्या मागून दप्तरं घेऊन येणाऱ्या घरकामाच्या बायका अर्ध्या झोपेत. दप्तर मुलाने स्वतः उचलायचं, असा मी एक दिवस फतवा काढला. दुसऱ्या दिवशी तीन पालकांचे फोन आले. दप्तरं परत बायकांच्या खांद्यावर गेली. मी “नो प्रॉब्लेम” म्हणालो.

वर्गात चोवीस मुलं. अमिराती, इजिप्शियन, सिरियन, जॉर्डनची. पुस्तकी धडे ती अर्ध्या तासात संपवत आणि बोलायला सांगितलं की गप्प होत. म्हणून मी एक प्रथा सुरू केली. रोज सकाळी “कालची बातमी”. प्रत्येकाने काल घडलेली एक गोष्ट इंग्रजीत सांगायची. लहान चालेल, चुकीच्या इंग्रजीत चालेल, पण खरी हवी. खरी असली की फळ्यावर नावापुढे एक चांदणी.

पहिला आठवडा थापांचा गेला. एक जण काल लंडनला जाऊन आला होता, एकाच्या काकांनी वाघ घेतला होता. मी चांदण्या देईना. हळूहळू बातम्या लहान होत गेल्या आणि खऱ्या होत गेल्या. बाबा रात्री उशिरा आले. ड्रायव्हर गावाला गेला. आजीने मला मारलं नाही, पण मारणार होती.

नूरा नावाची एक मुलगी मात्र बोलेना. दहा वर्षांची, खिडकीजवळच्या बाकावर बसायची. लिहायची चांगलं. विचारलं की ओठ हलायचे, आवाज यायचा नाही आणि मुलं हसायची. मला कळलं की तिला वेळ लागतो. मनात दहापर्यंत मोजायचं, तिच्याकडे न बघता. बाकीच्या शिक्षिका तीनपर्यंत मोजून पुढे जात. नोव्हेंबरात एका सकाळी मी दहापर्यंत आलो आणि ती म्हणाली, “येस्टरडे, नथिंग.”

वर्ग हसला. मी म्हणालो, काल काही घडलं नाही, ही सगळ्यात खरी बातमी आहे, आणि दोन चांदण्या काढल्या. त्यानंतर ती आठवड्यातून एकदा तरी बोलायची. मी हे ब्रिजिटला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, घरी तर तू माझ्यासाठी तीनपर्यंतही मोजत नाहीस.

जलतरण तलाव

आमच्या बंगल्यात पलीकडच्या खोलीत द्रागान राहायचा. सर्बियाचा, सत्तावीस वर्षांचा, शाळेचा पोहण्याचा कोच. सहा फुटांच्या वर उंच, सोनेरी केस, निळे डोळे, आणि इंग्रजी इतकं की पोरं पाण्यात असताना तो फक्त शिट्टीवर काम चालवायचा. एक दिवस तो वही घेऊन माझ्याकडे आला. मी त्याला इंग्रजी शिकवायचं, त्याने मला पोहायला, असा करार झाला. समुद्राकाठी जन्मून मला पोहता येत नाही, ही गोष्ट मी वसईत अठ्ठेचाळीस वर्षं झाकून ठेवली होती.

करारातली त्याची बाजू फसली. मी आडवा झालो की पाय तळाशी जात आणि लहान मुलांच्या भागातही माझ्या नाकात पाणी शिरे. माझी बाजू मात्र छान चालली. फेब्रुवारीपर्यंत द्रागान फोनवर पिझ्झा मागवू लागला, बँकेत भांडू लागला. त्याचा मला जो अभिमान होता तो आता आठवला की अंगावर काटा येतो.

देरा, डिसेंबर

सुट्टीत मुकादम मला दुबईला देऱ्याला घेऊन गेले. त्यांचा चुलत भाऊ तिथे एका ट्रेडिंग ऑफिसात कामाला आहे आणि आठ जणांत एका खोलीत राहतो. खाडीच्या धक्क्यावर लाकडी गलबतं लागलेली होती. त्यांच्यात फ्रिज, टायर, कांद्यांची पोती, प्लास्टिकच्या खुर्च्या असं काय वाट्टेल ते चढत होतं. मुकादम तिथे बराच वेळ उभे राहिले. हर्णैच्या बंदराचा वास येतो, म्हणाले. मला डिझेलचाच येत होता, पण मी हो म्हणालो.

भावाच्या खोलीवर तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण होतं. आमच्या वसईच्या कालवणापेक्षा आंबट जास्त, नारळ कमी. मी तीन वेळा वाढून घेतलं, आणि या वेळी कुणी बळजबरी केली नव्हती. जेवताना लक्षात आलं की खोलीला एक खिडकी आहे, पण तिच्यासमोर कपाट उभं केलंय. आठ जणांच्या बॅगा ठेवायला दुसरी जागा नव्हती.

खाली उतरल्यावर मी एका दुकानातून पडद्याच्या कड्या घेतल्या. चार डझन. डझनाला दहा दिरहॅम, म्हणजे दोनशे तीस-चाळीस रुपये, मी मोठ्याने म्हणालो आणि दुकानदार कंटाळून हसला. रोज शंभर जण त्याच्यासमोर हेच गणित करत असणार. “फॅमिली आ रही है?” त्याने विचारलं. “सप्टेंबर,” मी म्हणालो. “इन्शाल्ला,” तो म्हणाला आणि कड्या पिशवीत टाकल्या.

मुकादम गाडीत बसले. मग म्हणाले, “सर, कड्या घेतल्यात ते ठीक. पण भाभींना पडदे एवढ्यात शिवायला सांगू नका.”

मी विचारलं, का?

“माझ्या हर्णैच्या घराला नऊ खिडक्या आहेत. मीच पैसे पाठवून बांधलंय. बायकोने नऊच्या नऊ खिडक्यांचे पडदे दोनदा बदलले. मी त्यातल्या दोन खिडक्या अजून उघडून पण बघितल्या नाहीत.” मग समोर बघत म्हणाले, “इथं कागद हातात येत नाही तोवर काही खरं नसतं.”

मला त्यांचा राग आला. वाटलं, ह्या माणसाचं जमलं नाही म्हणून कुणाचंच जमू नये असं ह्याला वाटतं. जानेवारीत ब्रिजिटची वर्षभराची बिनपगारी रजा मंजूर झाली आणि तिने कापड आणलं. मोतिया रंगाचं, खाली निळी पट्टी. व्हिडिओ कॉलवर तिने ते खांद्यावर पदरासारखं घेऊन दाखवलं.

फेब्रुवारी, मिसेस परेरांची केबिन

मिसेस परेरा वांद्र्याच्या. जवळच्या मुसाफा वस्तीतल्या चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला आम्ही एकाच रांगेत बसायचो. शाळेत त्या माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलत, आणि तेही जणू मी कालच भेटलोय असं. मराठी त्या काही हवं असेल तेव्हाच काढत. बस ड्युटी, शनिवारची ॲडमिशन डेस्क, आजारी शिक्षिकेचे तास, हे सगळं मी मराठीत स्वीकारलेलं होतं. तेव्हा त्या दिवशी केबिनमध्ये शिरताच “ये पॅट्रिक, बस ना जरा, चहा घेशील?” हे ऐकून मी उभ्या उभ्याच परत फिरायला हवं होतं. मी बसलो. चहाही घेतला.

पुढच्या आठवड्यात ओपन डे होता. नव्या मुलांचे आईवडील वर्ग बघायला येणार होते. शाळेच्या माहितीपत्रकात छापलं होतं की इंग्रजी शिकवायला ज्यांची ती मातृभाषा आहे असेच शिक्षक आहेत. प्रत्यक्षात त्या विषयाला आम्ही पाच जण होतो. तीन केरळचे, एक कराचीची, एक वसईचा.

“पेरेंट्सना पेपरमध्ये दिसतं तेच क्लासमध्ये दिसायला पाहिजे,” त्या म्हणाल्या. “द्रागान कसा उंच आहे, प्रेझेंटेबल आहे. फक्त चाळीस मिनिटं. लेसन तुझाच. तू मागे बस, मुलांकडे बघ.”

“मॅडम, द्रागानला इंग्रजी मी शिकवतोय.”

“म्हणूनच तुझ्याकडे आले ना. त्याला तूच तयार करू शकतोस.” आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, “फ्लॅटची लिस्ट माझ्याकडूनच जाते, हे तुला माहितीये.”

मी “नो प्रॉब्लेम, मॅडम” म्हणालो. खरं सांगायचं तर ‘तूच करू शकतोस’ हे ऐकून मला थोडं बरंही वाटलं. पन्नाशीला आलेल्या माणसाला कुठल्या गोष्टीने बरं वाटेल याचा नेम नाही.

द्रागान संध्याकाळी माझ्या खोलीत आला आणि दारातच उभा राहिला. म्हणाला, पॅट्रिक, मी नाही म्हणू शकतो. मी त्याला सांगितलं, मुळीच म्हणू नकोस, तुझीही जाईल, माझीही जाईल. मग मी त्याला चार संध्याकाळी तयार केलं. कुठे उभं राहायचं, फळ्यावर काय आणि किती मोठं लिहायचं, कुणाला कुठल्या नावाने हाक मारायची. चोवीस नावं पाठ करून घेतली. हेही सांगितलं की नूराला विचारलंस तर दहापर्यंत मोज. मुकादम पलंगावर पडून हे ऐकत होते. चौथ्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

ओपन डे

सकाळी ऑफिसातून मला गळ्यात घालायला नवीन बिल्ला आला. नाव तेच, फोटो तोच, खाली “असिस्टंट”. मला वाटलं होतं नुसतं मागे बसायचंय. बिल्ल्याचं बोलणं झालं नव्हतं. पण तेव्हा पालक जिन्यावरून वर येत होते. मी बिल्ला घातला.

द्रागानने छान शिकवलं. हे मी कडवटपणाने म्हणत नाही, तो धडा चांगलाच झाला. मुलं गोंधळली होती, पण आदल्या दिवशी मीच त्यांना सांगितलं होतं की उद्या आपण एक गंमत करणार आहोत. मागच्या लहान खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन मी बसलो होतो. भिंतीपाशी सहा-सात पालक, त्यांच्यामध्ये मिसेस परेरा.

तेवढ्यात काळ्या पायघोळ अबायातली एक आई पुढे झाली. हसरी, सुगंधी, अगदी सहज. खिडकीपाशी वाकून तिने नूराला विचारलं, हे तुझे इंग्लिशचे टीचर का? आवडतात तुला?

नूरा गप्प. मी सवयीने मोजायला लागलो. त्या दिवशी मी देवाकडे काय मागत होतो ते सांगायला लाज वाटते. ती बोलू नये, असं मागत होतो. पण ती बाई चांगली होती, तीही थांबली. सात, आठ, नऊ. नूराने खुर्चीत वळून माझ्याकडे बोट केलं.

“नो. मिस्टर पॅट्रिक.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. द्रागानच्या हातातला मार्कर तसाच राहिला. मिसेस परेरा हसत होत्या आणि ते हसू माझ्यासाठी थांबलेलं होतं. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर चौथ्या मजल्यावरच्या चार खिडक्या होत्या, हे मी शपथेवर सांगतो. पण त्याने काही बदलत नाही.

“नो, नो,” मी हसून म्हणालो. “शी इज कन्फ्यूज्ड. मिस्टर द्रागान इज द टीचर. आय ओन्ली हेल्प.”

ती आई लाडाने “ओह, हबीबती” म्हणून नूराच्या डोक्यावरून हात फिरवून पुढे गेली. नूरा परत फळ्याकडे वळली. धडा संपेपर्यंत मला फक्त तिची वेणी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा फळ्यापाशी होतो, बिल्ला खिशात. कालची बातमी सुरू झाली. दोघातिघांनी ओपन डेचे केक किती खाल्ले ते सांगितलं. मग नूराने हात वर केला. सबंध वर्षात तिने स्वतःहून हात वर केलेला तो पहिला दिवस. आणि या वेळी मोजायची गरज पडली नाही.

“येस्टरडे,” ती म्हणाली, “मिस्टर पॅट्रिक सेड आय ॲम कन्फ्यूज्ड. आय वॉज नॉट कन्फ्यूज्ड.”

कुणी हसलं नाही. चोवीस मुलं फळ्याकडे बघत होती, कारण नियम सगळ्यांना ठाऊक होता. मी वळलो आणि तिच्या नावापुढे चांदणी काढली. ती वाकडी आली. पुसून परत काढावी असं वाटलं, पण पुसताना मुलांना काय वाटेल या भीतीने तशीच ठेवली.

सॉरी म्हणायला हवं होतं. ते मला त्या तासाला सुचलं नाही, आणि नंतर प्रत्येक दिवशी सुचलं. जूनअखेरपर्यंत नूराने एकही बातमी सांगितली नाही. मी दहापर्यंत मोजायचो, वीसपर्यंत मोजायचो. ती माझ्याकडे शांतपणे बघायची. लिहायची मात्र चांगलं.

मार्च ते जुलै

ओपन डे इतका यशस्वी झाला की शाळेने तो कायमचाच करायचं ठरवलं. मार्चमध्ये मिसेस परेरांनी बोलावलं. या वेळी इंग्रजीत बोलल्या, तेव्हा मला वाटलं की आता माझ्याकडून काही नको असेल. बरोबरच होतं, काही नको होतं. द्रागान पुढल्या वर्षापासून इंग्लिश टीचर. मला हवं असेल तर त्याच वर्गात असिस्टंट म्हणून राहता येईल. असिस्टंटला शेअरिंगची खोली. मी फ्लॅटचं विचारलं. त्या म्हणाल्या, पण पॅट्रिक, ओपन डेला सगळ्यांसमोर तूच म्हणालास ना की तू फक्त मदत करतोस.

पत्रावर मी सही केली नाही. ही माझी त्या वर्षातली एकमेव बहादुरी, आणि तीसुद्धा मिसेस परेरांना एवढंच सांगून की घरी विचारून कळवतो.

घरी मी विचारलं नाही. ब्रिजिट रोज ड्युटीवरून आल्यावर मशीन चालवायची आणि फोन समोर उभा करून ठेवायची. मला तिचा चेहरा दिसायचा नाही, नुसते हात आणि सरकत जाणारं मोतिया कापड दिसायचं. एकदा म्हणाली, चौथ्या खिडकीचं माप परत सांग. मी न चुकता सांगितलं. एकदा विचारलं, यादी कधी लागते? मी म्हणालो, इथे सगळं उशिरा होतं. एकदा म्हणाली, हॉस्पिटलातल्या पोरींनी मला निरोप म्हणून साडी द्यायची ठरवलीय, घेऊ ना? मी म्हणालो, घे.

मुकादमांना सगळं ठाऊक होतं. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाले, “सर, भाभींना सांगा. फॅमिलीला आणता येणार नाय, हे मी तीन वर्षं नाय सांगितलं. मग सांगण्यासारखं काय राहिलंच नाय.” मी म्हणालो, समोर बसून सांगेन, फोनवर बरं दिसत नाही. ते म्हणाले, “मी पण हेच बोलायचो.”

निघताना विमानतळावर द्रागान आला होता. त्याने मला घट्ट मिठी मारली आणि म्हणाला, तुझ्यासारखा टीचर मला मिळाला नाही. वाक्य अगदी बिनचूक होतं.

वसई

घरी पोचलो तर ओटीवर दोन बॅगा भरून ठेवलेल्या. वरच्या बॅगेत चार पडदे, घडीच्या मध्ये वर्तमानपत्र घालून, प्रत्येकावर चिठ्ठी: एक, दोन, तीन, चार. आज हे लिहिताना त्यातले दोन आमच्या खिडक्यांना आहेत. फार लांब होतात, म्हणून खालची निळी पट्टी ब्रिजिटने आत दुमडून टाकली. न उघडणाऱ्या खिडकीलाही पडदा आहे. मी आणलेल्या कड्या चांगल्या निघाल्या, गंजल्या नाहीत.

पण सांगायचं ते त्या दिवसाचं. शेजारीपाजारी येऊन, खजूर घेऊन गेले. संध्याकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो. ब्रिजिटने चहा केला आणि मी सुरुवात केली. गहव्याच्या अकरा पेल्यांपासून केली, म्हणजे ती हसेल. ती हसली. मग नूराचं सांगायला लागलो. बोट कसं केलं, मी काय म्हणालो, दुसऱ्या दिवशी ती काय म्हणाली. त्या मुलीचा चेहरा मला अजून दिसतो, पहाटे जाग येते, हे सगळं सांगितलं. फ्लॅटचं मी मध्येच कुठेतरी, घाईघाईने सांगून टाकलं. मार्चमध्येच कळलं होतं, हेही.

माझा कप रिकामा झाला होता. काय करावं ते न कळून मी तो मनगटातून दोनदा हलवला. ब्रिजिटने किटली उचलली आणि तो पुन्हा भरला.

मग ती भावाच्या भिंतीकडे बघत म्हणाली, “त्या पोरीशी तू एक मिनिट खोटं बोललास म्हणून तुला झोप लागत नाही. मला तू पाच महिने पडदे शिवू दिलेस.”